अमेरिकेचे जुने तांब्याचे सेंट: कसे जमवायचे आणि ग्रेड कशी ठरवायची

अमेरिकेत आता सेंट म्हटलं की ते चिमुकलं, हलकं नाणं डोळ्यासमोर येतं, आत जस्त आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. पण १७९३ ते १८५७ या काळात इथला सेंट म्हणजे आपल्या पणजोबांच्या ढब्बू पैशासारखा ऐवज होता, साधारण २७ ते २९ मिलिमीटर रुंद, तांब्याचा, तळहातावर ठेवला की वजन जाणवणारा. जोडीला अर्धा सेंट, तोही तांब्याचाच. मी न्यू जर्सीत राहतो आणि ही नाणी जिथे पाडली गेली ते फिलाडेल्फिया इथून गाडीने तासाभरावर आहे, त्यामुळे नाद लागला तो लागलाच, आणि आता इकडचे मराठी मित्र विचारतात की सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

आधीच एक सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. चांदीचं नाणं बरंच सोसतं, सोनं तर काहीही सोसतं, पण तांबं हवा, ओल, घाम, बोटाचा ठसा सगळं अंगावर घेतं आणि धरून ठेवतं. त्यामुळे तांब्याच्या नाण्यात किती झीज झाली हा अर्धाच प्रश्न, त्याची कातडी कशी आहे हा उरलेला अर्धा, आणि पैसे बहुतेक या दुसऱ्या अर्ध्यात बुडतात.

पहिलं काम, प्रकार ओळखायला शिका

एप्रिल १७९२ मध्ये अमेरिकेने टाकसाळीचा कायदा केला आणि फिलाडेल्फियात सातव्या रस्त्यावर टाकसाळ उभी राहिली. १७९३ च्या मार्चमध्ये पहिले सेंट निघाले, मागच्या बाजूला १५ कड्यांची साखळी, म्हणजे १५ राज्यं एकमेकांत गुंफलेली अशी कल्पना, पण लोकांना ती बेड्यांसारखी दिसली, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या नाण्यावर साखळदंड कशाला अशी टीका झाली, आणि हे चेन सेंट ३६,१०३ वर थांबले. त्यातल्या पहिल्या ठशावर, म्हणजे नाण्यावर छाप उठवणाऱ्या कोरीव साच्यावर, तर अमेरिका हा शब्दसुद्धा पुरा बसला नाही, 'अमेरि' आणि टिंब असंच कोरून ठेवलंय. मग साखळीच्या जागी पानांची माळ आली, म्हणजे रीथ सेंट, आणि त्याच वर्षी लिबर्टी कॅप, काठीवर टोपी घेतलेली लिबर्टी, म्हणजे बाईच्या रूपातलं स्वातंत्र्य, जोसेफ राइटची. तो त्याच वर्षीच्या पीतज्वराच्या साथीत वारला. एका वर्षात तीन डिझाइनं, टाकसाळ किती चाचपडत होती ते यावरून कळतं.

पुढे १७९६ पासून रॉबर्ट स्कॉटचा ड्रेप्ड बस्ट, म्हणजे खांद्यावर वस्त्र घेतलेला अर्धपुतळा, १८०८ ते १८१४ जॉन राइकचा क्लासिक हेड, १८१५ साल घातलेला सेंटच नाही, १८१६ पासून मॅट्रन हेड, आणि १८३९ ते १८५७ ख्रिश्चन गोब्रेख्टचा ब्रेडेड हेअर, वेणी घातलेला. एवढी नावं तोंडपाठ झाली की नाण्यांच्या शोमध्ये डीलरच्या ट्रेसमोर उभं राहिल्यावर गोंधळायला होत नाही.

वजनं मात्र पाठच करा. १७९५ च्या शेवटापर्यंत सेंट १३.४८ ग्रॅमचा होता, मग तांबं महागलं म्हणून १०.८९ ग्रॅमवर आणला. अर्धा सेंट आधी ६.७४ आणि नंतर ५.४४ ग्रॅम. जाड काळातल्या सेंटच्या कडेवर सहसा अक्षरं असतात, 'वन हंड्रेड फॉर अ डॉलर', म्हणजे शंभराचा एक डॉलर, आणि वजन उतरल्यावर कड साधी झाली. नाण्याची कड बघायची सवय लावून घ्या, नवे लोक ती बघतच नाहीत.

काय घ्यायचं आधी

चेन सेंटचं स्वप्न बघा पण सुरुवात तिथून करू नका, अगदी गुळगुळीत झालेला असला तरी हजारो डॉलरचा मामला आहे. सुरुवात १८४० आणि १८५० च्या दशकांतल्या ब्रेडेड हेअरने करावी. लाखांनी पाडले गेले, अजून भरपूर आहेत, आणि चाळीसेक डॉलरमध्ये असा तुकडा मिळतो ज्याच्यावर केसांची रेष न रेष दिसते. असे तीन-चार वेगवेगळ्या झिजेचे घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून रोज बघा, कुठल्याही पुस्तकाने होणार नाही तेवढा डोळा तयार होतो. नंतर एक ड्रेप्ड बस्ट, १७९८ ते १८०३ मधला, थोडा झिजलेला चालेल, तो साधारण शंभर डॉलरच्या आसपास बसतो.

मग ठरवा की जमवायचं कसं. प्रत्येक डिझाइनचा एक घ्यायचा हा सगळ्यात सुटसुटीत मार्ग. प्रत्येक सालाचा एक म्हटलं तर ६४ नाणी होतात आणि १७९३, १७९९, १८०४ ला येऊन अडकायला होतं. आणि तिसरा मार्ग म्हणजे ठशांचे प्रकार, तो माझा, त्याच्याकडे शेवटी येतो.

ग्रेड ठरवायला बसताना

साहित्य फार नाही. ७ पट किंवा १० पट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, टेबलावर जाड मऊ टॉवेल, आणि एकच बल्ब असलेला टेबललॅम्प. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात तांब्याचे दोष झाकले जातात, एका बाजूने येणारा उजेड पाहिजे. नाणं कडेला दोन बोटांत धरायचं, टॉवेलच्या वरच धरायचं, आणि दिव्याखाली हळूहळू कलवत पूर्ण फिरवायचं. आधी भिंगाशिवाय बघा, नंतर भिंगाने. लगेच भिंग लावलं की छोटे डाग मोठे वाटायला लागतात आणि नाणं एकूण कसं आहे ते राहूनच जातं.

ज्या १ ते ७० च्या पट्टीवर आज जगभर नाण्यांची ग्रेड ठरते ती याच सेंटवरून आली. डॉ. विल्यम शेल्डन हे पेशाने मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९४९ मध्ये जुन्या सेंटवर पुस्तक काढलं आणि त्यात हिशोब मांडला की एखाद्या प्रकारच्या अगदी झिजलेल्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत १ धरली तर सर्वोत्तम अवस्थेतल्याची ७० पट होते. किमतीचं ते गणित बाजाराने केव्हाच मोडून काढलं पण आकडे राहिले. जी म्हणजे गुड ४ ला, व्हेरी गुड ८ ला, फाइन १२, व्हीएफ म्हणजे व्हेरी फाइन २० पासून, ईएफ म्हणजे एक्स्ट्रीमली फाइन ४० पासून, एयू म्हणजे अबाउट अनसर्क्युलेटेड, जवळजवळ न वापरलेलं, ५० पासून, आणि ६० पासून वर ती नाणी जी वापरातच आली नाहीत.

आता प्रत्यक्ष झीज कशी वाचायची. नाण्यावर जे उंच तेच आधी घासतं, त्यामुळे प्रत्येक डिझाइनच्या उंच जागा माहीत पाहिजेत. मॅट्रन हेडमध्ये तर टाकसाळीने जणू मोजपट्टीच देऊन ठेवलीय, लिबर्टीच्या अंबाड्याला ज्या दोऱ्या बांधल्यात त्या बघायच्या. दोऱ्यांचा काही भागच दिसतोय पण लिबर्टी हा शब्द, साल, तारे सगळं स्वच्छ आहे तर व्हेरी गुड. दोऱ्या सगळीकडे सारख्या दिसतात आणि केसांच्या रेषा मोजता येतात तर फाइन. दोऱ्या थोड्याच घासल्यात तर व्हीएफ. दोन्ही दोऱ्या ठसठशीत उठून दिसतात आणि केस धारदार आहेत तर ईएफ. ड्रेप्ड बस्टमध्ये कपाळाच्या बाजूचे केस आणि खांद्यावरचं वस्त्र बघायचं. वस्त्राच्या चुण्या गेल्या, नुसती आकृती राहिली की गुड, चुण्या थोड्या दिसायला लागल्या की व्हेरी गुड, केसांच्या रेषा आणि चुण्या दोन्ही आहेत तर फाइन. मागच्या बाजूला पानांच्या मधल्या शिरा बघा, त्या शेवटपर्यंत टिकल्या असतील तर नाणं फार फिरलेलं नाही.

इथे एक खड्डा आहे ज्यात सगळे पडतात. नाणं सपाट दिसतं म्हणजे घासलेलंच असं नाही, पाडतानाच ठसा पूर्ण उमटला नसेल किंवा ठसा स्वतःच थकलेला असेल. फरक असा ओळखायचा की घासलेली जागा गुळगुळीत असते आणि तिथला रंग आजूबाजूपेक्षा बदललेला असतो, पण जिथे ठसा नीट बसलाच नाही तिथे कोऱ्या चकतीचा मूळ खरखरीतपणा शिल्लक दिसतो. १८०८ ते १८१४ च्या क्लासिक हेडमध्ये तर आणखी घोळ, ते तांबं मऊ होतं, बहुतेक नाणी काळपट आणि बारीक छिद्रांची मिळतात, त्या काळातला गुळगुळीत, चॉकलेटी, व्हीएफ दर्जाचा सेंट दिसला तर थांबून नीट बघा, तो रोज भेटत नाही.

कातडी, आणि वजावट

झिजेवरून जो आकडा आला त्याला म्हणायचं शार्पनेस. खरी ग्रेड अजून यायचीय.

या जुन्या तांब्यासाठी इथे एक जुना क्लब आहे, अर्ली अमेरिकन कॉपर्स, लोक त्याला ईएसी म्हणतात, १९६७ पासून आहे. त्यांची पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. आधी शार्पनेस ठरवायची, मग नाण्यात जे जे वाईट आहे त्याची वजावट करायची, आणि जे उरेल ती नेट ग्रेड. शिवाय कातडीला वेगळा शेरा, चॉइस, अॅव्हरेज किंवा स्कडझी. चॉइस म्हणजे त्या ग्रेडला शोभण्यापेक्षा छान, स्कडझी म्हणजे खरखरीत, गंजकं, मळकट.

माझ्याकडचा १८०३ चा एक घेऊन दाखवतो. केसांच्या रेषा जवळजवळ सगळ्या आहेत, खांद्याच्या चुण्या आहेत, म्हणजे शार्पनेस व्हीएफ-२०. आता लॅम्पखाली कलवला की डाव्या बाजूच्या मोकळ्या भागात बारीक बारीक छिद्रं दिसतात, सुईच्या टोकाने टोचल्यासारखी, कधीतरी ओलीत पडून होता. मागे वरच्या कडेला एक पोचा आहे, पडला असणार दगडी फरशीवर. रंग गडद पण सारखा आहे, ती जमेची बाजू. मी छिद्रांसाठी पाच आणि पोच्यासाठी तीन वजा करतो, उरतात १२, म्हणजे हा २० च्या शार्पनेसचा नेट १२ सेंट, दर्जा अॅव्हरेज, आणि पैसे मी फाइनचे मोजले, व्हीएफचे नाही. किती वजा करायचं याचा छापील तक्ता नसतो, दोन जाणकारांत दोन-तीन अंकांचा फरक पडतोच, पण कशासाठी वजा केलं ते सांगता आलं पाहिजे.

पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या नाणं प्लास्टिकच्या डबीत बंद करून वर आकडा लावून देतात, त्याला स्लॅब म्हणतात. अस्सल-नकलीची खात्री करून घ्यायला त्यांचा उपयोग आहेच, महाग नाणं मी तसंच घेतो. पण आकडा डोळे मिटून घेऊ नका, स्लॅबवर एयू-५० असलेला जुना सेंट ईएसीच्या पट्टीवर बऱ्याचदा व्हीएफ-३० किंवा ईएफ-४० निघतो. बोलताना कोण कुठल्या पट्टीने बोलतंय हे आधी विचारा, नाहीतर एकाच नाण्याच्या दोन किमती ऐकून डोकं चक्रावतं.

घासू नका

एकदा आई उन्हाळ्यात सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. मी ऑफिसला गेलेलो, टेबलावर १८५१ चा सेंट कागदावर ठेवलेला, छान तपकिरी, ऑलिव्हकडे झुकणारी छटा, बहुतेक ईएफ. संध्याकाळी आलो तर देवाची उपकरणी घासून पुसून मांडलेली आणि तांब्या-पळीच्या शेजारी माझा सेंट, गुलाबी, झगझगीत. "किती काळं पडलं होतं रे, चिंच-मीठ लावून घासलं बघ कसं लख्ख निघालं." तिने ते मायेने केलं होतं, मी म्हटलं, "छान झालंय गं आई," आणि तो सेंट आजही मी जपून ठेवलाय, पण नाणं म्हणून त्यात आता काही उरलेलं नाही.

झालं काय ते समजून घ्या. जी तपकिरी छटा आपल्याला काळेपणा वाटते ती तांब्याचीच वरची साय आहे, दीडशे-दोनशे वर्षांत हळूहळू बसलेली, आणि तीच खालच्या धातूला जपते. चिंचेतली आंबट द्रव्यं ती साय विरघळवतात, घासण्याने वरचा बारीक थर निघतो, आणि खालून जे कोरं तांबं उघडं पडतं ते काही आठवड्यांत डागाळायला लागतं. पूजेच्या तांब्याला हे चालतं कारण तो पुढच्या आठवड्यात पुन्हा घासणार असतो. नाण्याला ही साय परत आणता येत नाही. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, भांड्याची पावडर, यातलं काहीही नाही.

काही लोक असं घासलेलं नाणं रसायनाने पुन्हा काळं-तपकिरी करून विकतात. खऱ्या जुन्या छटेत उंच आणि खोल जागांत थोडा फरक असतो, अक्षरांच्या आडोशाला ती जास्त गडद असते. सगळीकडे रंग लावल्यासारखी एकसारखी मंद छटा दिसली, आणि खाली बारीक समांतर चरे दिसले, तर नाणं खाली ठेवा.

तेलकट मळ किंवा मऊ प्लास्टिकच्या पाकिटामुळे आलेला हिरवा चिकटा असेल तर तो काढता येतो, त्यासाठी इथले जुने लोक झायलिन नावाचं द्रावक वापरतात. मोकळ्या हवेत, ज्योतीपासून लांब, नाणं त्यात भिजवायचं आणि अगदी मऊ केसांच्या ब्रशने हलकेच पुसायचं. गुलाबाचा काटा किंवा लाकडी टूथपिक यापेक्षा टणक काही नाण्याला लावायचं नाही. हिरवा टणक जंगाल धातूत खोल गेला असेल तर हात लावू नका, उकरलं की खाली खड्डाच निघतो.

ठेवायचं कसं, तर आधी छोटी सुती पिशवी, मग कागदाचं पाकीट, मग डबा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. मऊ प्लास्टिकची पारदर्शक पाकिटं कटाक्षाने टाळा. कुणी नाणी भारतात नेणार असेल तर जुलैत कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरात ती उघडी ठेवू नका, तिथली खारी ओल तांब्याला दोन महिन्यांत ठिपके पाडते.

खोटं कसं ओळखायचं

सगळ्यात आधी वजन. १८०२ चा सेंट १०.८९ चा पाहिजे, झिजून १०.३ झाला तर समजू शकतं, पण झीज नसताना ९ भरला तर विषय संपला. मग कड, मधोमध जोडाची बारीक रेष फिरलेली दिसली तर ते दोन पातळ पत्रे चिकटवून आत शिसं भरलेलं इलेक्ट्रोटाइप असण्याची शक्यता.

१७९९ चा सेंट दुर्मिळ, म्हणून लोक १७९८ मधला ८ कोरून ९ करतात. भिंगाखाली शेवटच्या अंकाभोवतीचं तांबं बघा, खणल्याच्या खुणा आणि वेगळा रंग दिसतो. त्याहून पक्की कसोटी म्हणजे अस्सल १७९९ चे फक्त दोनच ठसाप्रकार माहीत आहेत, आपल्या नाण्यावरची अक्षरं-अंकांची जागा त्यातल्या एकाशीही जुळली नाही तर बाकी काही बघायची गरज नाही. १८०४ चा तर एकच. अस्सल १८०४ मध्ये सालातला शून्य मागच्या बाजूच्या 'ऑफ' शब्दातल्या ओ च्या बरोबर मागे येतो. शिवाय १८०४ चा एक 'रीस्ट्राइक' फिरतो, तो नंतर कुणीतरी टाकसाळीबाहेर गंजलेल्या जुन्या ठशांवरून पाडलाय, एक ठसा १८०३ चा आणि दुसरा १८२० चा. तो जमवण्यासारखा आहे पण १८०४ म्हणून नाही.

आजकालच्या खोट्या नाण्यांत अस्सल नाण्यावरून ठसा काढलेला असतो, त्यामुळे त्या मूळ नाण्यावरचा चरा किंवा पोचा प्रत्येक नकलेवर उतरतो. ऑनलाइन घेताना त्याच प्रकारच्या विकल्या गेलेल्या नाण्यांचे फोटो शोधा, तोच चरा त्याच जागी दोन नाण्यांवर दिसला तर समजायचं. परत करायची सोय नसेल तर घेऊच नका.

ठशांचे प्रकार, म्हणजे खरी गोडी

त्या काळात प्रत्येक ठसा माणूस हाताने पूर्ण करायचा, एकेक अक्षर, अंक, पान पंचने ठोकून. त्यामुळे दोन ठसे कधीच सारखे नाहीत. शिवराई जमवणाऱ्यांना हे सांगायला नको, तिथेही 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं कशी मांडलीत यावरूनच प्रकार ओळखतात. इथे १७९३ ते १८१४ च्या प्रकारांना शेल्डनचे एस-१ ते एस-२९५ असे नंबर आहेत, १८१६ पासून पुढे न्यूकोम या अभ्यासकाचे, आणि अर्ध्या सेंटला कोहेन या अभ्यासकाचे.

एकट्या १७९४ सालाचे पन्नासहून जास्त प्रकार आहेत. त्यातल्या एस-४८ च्या मागच्या बाजूला अगदी कडेच्या दातांमध्ये ९४ इवल्या चांदण्या कोरल्यात, का कोरल्या हे आजतागायत कुणी सांगू शकलेलं नाही. १७९६ च्या एकावर लिबर्टीतला बी आधी उलटा ठोकला गेला आणि मग सुधारला, तो एचसारखा दिसतो. १८०१ च्या एस-२१९ वर एकाच ठशात तीन चुका, मागच्या बाजूला एक शतांश हा अपूर्णांक असतो त्याच्या जागी एकाखाली तीन शून्यं, माळेचा एक देठ गायब, आणि युनायटेडच्या यू ऐवजी दोन आय. तो कारागीर थकलेला असेल, हिवाळ्यात उजेड कमी असेल, मला तो माणूस दिसतो त्या नाण्यात.

प्रकार ओळखताना साल सोडा, आधी मागची बाजू घ्या. माळेत बोरं किती आणि कुठे, अपूर्णांकाची रेष कुठून कुठपर्यंत, अमेरिकाच्या शेवटच्या ए चा पाय देठाला टेकतो का. मग पुढच्या बाजूला सालाचा शेवटचा अंक बस्टपासून किती लांब. ठशाला गेलेला तडा दिसला तर उत्तम, तो नाण्यावर उंच रेष म्हणून येतो आणि बऱ्याचदा त्या एका रेषेवरूनच नंबर सापडतो. डीलरच्या ट्रेमध्ये साधा म्हणून ठेवलेला सेंट दुर्मिळ प्रकार निघायची मजा याच खेळात आहे, आणि ती अजूनही संपलेली नाही.

आणि एक काम अगदी पहिल्या नाण्यापासून करा. कागदी पाकिटावर, नाणं आत घालायच्या आधी, पेन्सिलने साल, नंबर, शार्पनेस, नेट ग्रेड, वजन, कुठून घेतलं, कधी, कितीला, एवढं लिहा, आणि पाकिटात आधीच्या मालकाची चिठ्ठी असेल तर ती कितीही जीर्ण असली तरी नाण्याबरोबरच ठेवा. दोन्ही बाजूंचा फोटोही काढून ठेवा. याच शेल्डननी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी या नाण्यांच्या अभ्यासाच्या संस्थेच्या संग्रहातले चांगले सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी हलक्या दर्जाचे ठेवले होते, आणि ती अदलाबदल पुढे उघडकीला आली ती जुने फोटो आणि नोंदी ताडून पाहिल्यामुळे. माझ्या १८०३ च्या पाकिटात फिकट निळ्या शाईतली एक चिठ्ठी आहे, कुणाची ते नाव नाही, फक्त नंबर, '३ डॉ.' आणि खाली एक ओळ की मागे कडेला पोचा आहे. त्याने तो पोचा लपवला नाही, म्हणून मीही माझी नोंद त्याच चिठ्ठीच्या मागे केलीय.